खराडीत बोट लागली

"तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये अशीच माझी इच्छा आहे," बाकड्यावर मांडी ठोकत रावसाहेब मेश्राम म्हणाले, "पण मी आत्ता खराडीला चाललोय. समुद्रातलं जहाज बघायला. पसंत पडलं तर विकत घ्यायला."

बिबवेवाडीतल्या पिठाच्या गिरणीसमोरच्या त्या बाकड्यावर सकाळी निवृत्त माणसं आणि दळणाचे डबे सारख्याच संख्येने बसत. डब्यांनी काही प्रतिक्रिया दिली नाही. माणसांनीही नाही. फक्त कचरू भालेराव, पीएमटीचे जुने कंडक्टर, त्यांनी सवयीने विचारलं, "खराडीला? कुठल्या स्टॉपवर लागतं म्हणे जहाज?"

"थट्टा नाही कचरूभाऊ. शिडाचं आहे. आख्खं जग फिरून येईल असं."

"शिडाचं आहे ते बरं. पेट्रोल परवडत नाही हल्ली. आणि समुद्र कधी आला खराडीला? पेपरात काही नव्हतं."

"समुद्र नाही आला. जहाजच आलंय. चैतालीने शोधलं. म्हणाली, बाबा, तुम्ही बघा एकदा. शेवटी जाणकार माणूस नको का बरोबर?"

"हवाच," भालेराव म्हणाले. "मग कोण येतंय?"

गिरणीवाला पट्टा बंद करून हसून घेऊन परत पट्टा चालू करता झाला. रावसाहेब उठले. दुःख असं होतं, की इतक्या वर्षांत या बाकड्यावर त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं सरळसोट खरं वाक्य होतं, आणि त्याला एकही गिऱ्हाईक नव्हतं.

खोट्याला मात्र गिऱ्हाईक भरपूर. खडकीच्या कारखान्यात लेथवर लागण्याआधीची तीन वर्षं रावसाहेब जहाजावर होते, हे अर्ध्या बिबवेवाडीला पाठ होतं. मादागास्करपाशी एका देवमाशाने जहाजाला पाठ खाजवून घेतली, तर एका बाजूचा सगळा रंग उतरला. कॅप्टन इतका कडक, की त्याने माशाचा बंदरापर्यंत पाठलाग करून रंगाचे पैसे वसूल केले. एडनला ऊन असं, की शिडाच्या सावलीत बसायला रांग लागे आणि सावली सरकली की रांगही सरके. खारा वारा सुटला की स्वयंपाकी भांड्यांची झाकणं काढून ठेवी. आमटीत वेगळं मीठ टाकायची गरज नसे. चैताली लहान असताना हे सगळं तोंड उघडं ठेवून ऐकायची, आणि तोंड उघडं आहे तोवर तिची आई त्यात घास घालायची. त्या पोरीचं सगळं बालपण देवमाशाच्या पाठीवर बसून जेवण्यात गेलं.

प्रत्यक्षात ती तीन वर्षं रावसाहेब भंडाऱ्याच्या एका राइस मिलमध्ये पोती शिवत होते. समुद्र त्यांनी पाहिला होता तो दादरला, सहा डिसेंबरच्या गर्दीत, चैत्यभूमीच्या रांगेत उभं राहून. पाय भिजवावेत असं मनात होतं, पण रांग पुढे गेली.

मग हे जहाज आलं कुठून? ते आलं त्यांच्या वस्तीतून. भंडाऱ्याजवळच्या त्या वस्तीत दिवेलागणीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जायची: बाबासाहेब बोटीत बसून समुद्रापार शिकायला गेले. सांगणाऱ्यांतल्या कुणी समुद्र पाहिला नव्हता, बोट तर नाहीच नाही. तेव्हा ज्याला जेवढी झेपेल तेवढी बोट तो उभी करी. कुणाची वैनगंगेतल्या डोंग्याएवढी, कुणाची तुमसर रोडच्या स्टेशनाएवढी. रावसाहेबांच्या वडिलांच्या बोटीला अंगण होतं आणि अंगणात पिंपळ. त्या पिंपळाखाली बसून बाबासाहेब पुस्तक वाचत आणि लाटा आवाज न करता बाजूने जात. अशा बोटीत जो वाढला, त्याने राइस मिलमध्ये पोती शिवली असं जगाला काहून सांगावं?

घरी आले तर ललिताबाई दारातच उभ्या. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या. समोरच्याला झोपवून मग सुई काढायची, असली पद्धत त्यांची नव्हती.

"अहो, आत या आणि ऐका. पोरगी खाली गाडी काढतेय, तेवढाच वेळ आहे. ती नोकरी सोडणार म्हणते."

"म्हणते खरी."

"लग्न मोडलं, ते मी गिळलं. इंग्लंडला ऑफिसच्या कामाला पाठवली तर शनिवार-रविवार होड्या चालवायला शिकून आली, तेही गिळलं. आता बोट घेऊन एकटी समुद्रात जाणार. लंका, मग अंदमान, मग पुढे कुठे कुठे. हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं?"

"आता मी काय..."

"देवमासा कोणाचा?"

रावसाहेब भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागले.

"आयुष्यभर खोटं बोललात. शेजारपाजारची करमणूक झाली, माझ्या काही कामी आलं नाही. आज माझ्यासाठी एक बोला. बोट बघा आणि वाईट आहे म्हणून सांगा. तुमच्या शब्दाबाहेर जायची नाही ती." मग पदराने कोरडेच हात पुसत, खालच्या आवाजात, "अहो, तिथे रस्ता नसतो. काही झालं तर धावत कुठे जायचं आपण?"

रावसाहेब चपला घालून जिना उतरले.

गाडी हडपसर ओलांडून निघाली. चैताली गाडी चालवत होती आणि दर सिग्नलला तिचं बोट स्टिअरिंगवर ताल धरत होतं.

"बाबा, एक रिक्वेस्ट आहे. तिथे शैलाताई असतील, बोटीच्या मालकीण. त्यांच्यासमोर देवमासा नको, प्लीज."

"मासा कुठून आणू आता खराडीत?"

"आफ्रिकासुद्धा नको. म्हणजे... थोडी चालेल. मी सांगितलंय त्यांना, तुम्ही बोटीवर होतात म्हणून."

"काय गरज होती?" रावसाहेब म्हणाले.

"अहो, दोन वर्षं मी नेटवर जुन्या बोटी बघतेय. नवी कोण घेणार? ग्रीसमधली एक जवळजवळ फायनल केली होती. पण तपासणी करून घेतली तर खालून ओली निघाली."

"बोट ओली निघाली म्हणून नको म्हणालीस?"

"बाबा! फायबरच्या आत पाणी मुरलं होतं. भिंतीत ओल येते ना, तसं. मग मलेशियातली एक बघितली, तिची डोलकाठी वाकलेली. नाद सोडणार होते. आणि मे महिन्यात तो वादळी पाऊस नाही का झाला? त्याच्या दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये डबा खात होते, आठव्या मजल्यावर. सहज खाली बघितलं, तर शेजारच्या शेडचे दोन पत्रे उडालेले, आणि आत बोट. माझ्या खिडकीखाली, बाबा! चार वर्षं मी तिच्या डोक्यावर बसून जेवत होते."

रावसाहेबांनी लेकीकडे तिरक्या नजरेने पाहिलं. त्यांनी स्वतः रचली असती तर इतकी अचाट गोष्ट त्यांनी लाजेकाजेस्तव थोडी कमी केली असती.

खराडीत सगळीकडे काचेचे मनोरे. त्यांच्यामधोमध, दात पडावा तशी एक बसकी पत्र्याची शेड उरली होती. गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत शैलाताई बसल्या होत्या. सत्तरीच्या, नाकात चमकी, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा.

"या. तुम्ही वडील का? बरं झालं आलात. आजवर आलेल्यांत एकानेही जहाज बघितलं नव्हतं. एक आला, त्याला आत टेबलं टाकून हॉटेल काढायचं होतं. म्हटलं, पावभाजी खायला कोणी शिडी चढत नाही, जा. भंगारवाला येऊन गेला, म्हणे तळाचं शिसं तेवढं कापून घेतो, बाकी फुकट उचलतो. दिवाळीनंतर ही शेड पाडणार आहेत. बिल्डरला जागा दिलीय."

"पण ही इथे आली कशी?" रावसाहेबांनी विचारलं.

"आमच्या ह्यांनी आणली. ह्यांचा मोटारीच्या भागांचे साचे करायचा कारखाना होता. नव्वदनंतर परदेशी कंपन्या आल्या, काम वाढलं, आणि काम वाढलं की माणसाला खाज सुटते. एक गोरं जोडपं जग फिरायला निघालेलं, मुंबईत पोचेस्तोवर त्यांचं भांडण झालं. दोघं दोन विमानांनी गेले, बोट राहिली. ह्यांनी ती घेतली आणि दुरुस्त करायला म्हणून ट्रेलरवरून घाट चढवून इथे आणली. खंडाळ्याला दोन दिवस रस्ता तुंबला होता. घरी आल्यावर म्हणाले, जरा उशीर झाला."

"आणि परत समुद्रात?"

"कुठली परत? आज करू, उद्या करू. दर रविवारी यायचे आणि वर चढून बसायचे. मी विचारायची, आज कुठपर्यंत? म्हणायचे, लंकेला वळसा घातला." शैलाताईंनी किल्ली शोधली. "गेले, त्याला पाच वर्षं झाली. मला फक्त एवढंच, की पाण्यात जाणाऱ्याला द्यायची. घाला बघू हात त्या शटरला."

शटर करकरत वर गेलं. आत काळोख होता आणि काळोखात काहीतरी पांढरं. रावसाहेबांना आधी ती भिंत वाटली. मग भिंतीला पोट आलं. पोट खाली उतरत, निमुळतं होत गेलं, आणि त्या पोटाखालून माणसाच्या उंचीचा एक जाड पंख जमिनीपर्यंत आला होता. त्या एका पंखावर ते सगळं उभं होतं; बाजूचे लोखंडी टेकू आपले म्हाताऱ्याला हात द्यावा तसे नावाला लावलेले. मागे दरवाजाएवढं सुकाणू. उडालेल्या पत्र्यांमधून उन्हाचा एक पट्टा तिरका उतरला होता, आणि त्या पट्ट्यात, समुद्रात असताना चिकटलेल्या जुन्या शंखांचे बारीक गोल डाग दिसत होते, शेकडो, जणू कुणीतरी सबंध अंगावर देवीच्या लसी टोचल्या होत्या.

रावसाहेब उभे राहिले ते उभेच.

त्यांच्या वडिलांनी, त्यांनी स्वतः, वस्तीतल्या सगळ्या सांगणाऱ्यांनी मिळून आजवर जेवढ्या बोटी बांधल्या, त्या सगळ्या वरून पाहिलेल्या होत्या. शिडं होती, कठडे होते, अंगण होतं, पिंपळ होता. पण बोटीला खालची बाजू असते, हे कुणाच्या थापेत कधी आलंच नव्हतं. जे पाण्याखाली राहायचं, कुणालाही न दिसता ज्याने सगळ्यांना तोलून धरायचं, ते इथे उघड्यावर उभं होतं. रावसाहेबांना एकदम आपण चपला घालून आत आलो आहोत याची लाज वाटली. त्यांनी त्या काढून शटरपाशी ठेवल्या.

"हे काय आहे, चैता?" त्यांनी पंखाला हात न लावता विचारलं.

"शिसं. साडेतीन टन."

"मग बुडत कशी नाही?"

"त्याच्यामुळेच नाही बुडत. मोठ्या लाटेने बोट आडवी पाडली, शीड पाण्याला टेकलं, तरी हे वजन तिला परत उभं करतं. आपोआप."

"किती वेळा?"

"कितीही वेळा."

रावसाहेब मनात थाप शोधू लागले. अशा जागी त्यांना हमखास एक सुचायची. कारखान्यात साडेतीन टनांच्या कितीतरी गोष्टी त्यांनी साडेतीनशे टनांच्या केल्या होत्या. आज सगळं गोदाम चाचपलं तरी एकही हाती लागेना. जे समोर होतं त्यात वाढवायला जागाच उरली नव्हती.

"बोला की," शैलाताई मागून म्हणाल्या. "जाणकार म्हणून आलात ना? कशी आहे?"

काहीतरी करणं भाग होतं. रावसाहेब पुढे झाले आणि मंडईजवळ माठ घेताना वाजवावा तसं बोटीचं पोट त्यांनी बोटाच्या पेराने वाजवलं. कान लावला. पुन्हा वाजवलं.

"माठ हवाय का?" शैलाताईंनी विचारलं.

पण पलीकडे चैतालीही एक छोटी प्लास्टिकची हातोडी घेऊन तेच करत होती. टक, टक, टक, आणि प्रत्येक टकला डोळे मिटून ऐकत होती. "आवाज एकसारखा आहे, बाबा. कुठेच भद्द नाही. ओल नाहीये." मग ती पाठीवर झोपून सुकाणूखाली सरकली. भिंतीलगत आडव्या ठेवलेल्या डोलकाठीवरून टोकापासून टोकापर्यंत तिने तळहात फिरवला. पोत्यांतून शिडं ओढून काढली, उन्हात धरली, शिवण शिवण बघितली. रावसाहेब तिच्या मागे मागे अनवाणी हिंडत होते. ही पोरगी त्यांच्या घरात भाजी निवडताना कंटाळायची. इथे तिला कंटाळा, घाम, भूक काहीच नव्हतं. ते बोटीकडे बघत होते की तिच्याकडे, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

"वर चला, बाबा. आत बसून बघा."

शिडी चढून, एका भोकासारख्या दारातून ते आत उतरले. आत चक्क घर होतं. लाकडी घर, पॉलिश उडालेलं. दोन बाकं, टेबल, कपाटं, आणि कोपऱ्यात शेगडी. टेकू एका बाजूला खचल्यामुळे सगळं घर किंचित कललं होतं. पण शेगडी बिजागरीवर टांगलेली होती, बोट कितीही कलली तरी भांड्यातलं सांडू नये म्हणून. त्यामुळे त्या घरात एकटी शेगडी सरळ होती आणि नेमकी तीच तिरकी दिसत होती. रावसाहेब बाकावर बसले. बाकाची गादी एकाच ठिकाणी खोल दबलेली होती. दर रविवारी कुणीतरी इथेच बसायचं.

चैताली पुढच्या टोकाला कशात तरी शिरली होती. रावसाहेबांनी समोरच्या गोल खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि त्यांनी टेबलाची कड धरली.

बाहेर निळं होतं. वरपासून खालपर्यंत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं निळं, आणि त्यात उन्हाच्या चकाकणाऱ्या पट्ट्या. शेडचे त्या बाजूचे पत्रे वादळात उडाले होते आणि पलीकडच्या मनोऱ्याची काच खिडकीभर पसरली होती, हे त्यांना कळत होतं. सगळं कळत होतं. पण काचेत ढग चालले होते, सावकाश, एकामागून एक, आणि ढग मागे जात आहेत म्हणजे आपण पुढे जातो आहोत, यावर त्या कळण्याचा काही इलाज चालत नव्हता. पुढे चैतालीने पाऊल टाकलं. कुठेतरी लाकूड कुरकुरलं. शेगडी डुलली. बोट निघाली होती. लाटा आवाज न करता बाजूने जात होत्या. रावसाहेब मेश्राम समुद्रात होते. इतक्या मोठ्या समुद्रात, इतके आत, की त्यांच्या सगळ्या थापा त्या पाण्यावर काडीएवढ्यासुद्धा दिसल्या नसत्या. त्यांच्या अंगावर काटा आला. डोळ्यांत पाणी आलं. आणि मग पोटातून सकाळचे पोहे आले.

ते कसेबसे शिडी चढून बाहेर आले आणि कठड्यावरून वाकले. चैतालीने धावत येऊन मागून त्यांचा पट्टा घट्ट धरला.

"काय झालं हो?" खालून शैलाताईंनी विचारलं, दोन पावलं मागे सरत.

"बाबांना बोट लागली."

"बोट लागली?" शैलाताई वर बघतच राहिल्या. "खराडीत? अहो, पण हे तर आफ्रिकेला वळसा घालून आलेत ना?"

रावसाहेबांनी डोळे मिटून घेतले. झालं. आता बिबवेवाडी, बाकडं, भालेराव, सगळं इथेच जमा होणार.

"समुद्रात नाही लागत त्यांना," चैताली म्हणाली. स्वर अगदी साधा, दुधाचा हिशोब सांगावा तसा. "ही जमिनीवर आहे ना, त्याची सवय नाही."

रावसाहेबांनी डोळे उघडले. लेकीच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नव्हती. काय बसवली होती थाप! कुठे सांधा नाही, कुठे कड नाही. लेथवर इतक्या वर्षांत त्यांच्या हातून इतकं साफ काम एकदाही झालं नव्हतं. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. केव्हापासून, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त आपला पट्टा तिच्या हातात राहू दिला.

खाली शैलाताईंनी एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे पाहिलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"ह्यांनाही लागायची," त्या म्हणाल्या. "रविवारी घरी आले की जेवायचे नाहीत. मला इतकी वर्षं वाटत होतं, बाहेरून काही खाऊन येतात." मग पदर खोचून, "थांबा, समोरून लिंबू-सरबत आणते," म्हणत त्या गेटाकडे निघाल्या. चालताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, पण त्या दोघांकडे नाही.

दोघं खाली उतरले. शिडीची शेवटची पायरी उतरताना रावसाहेबांनी आधाराला हात टेकला तो नेमका त्या शिशाच्या पंखावर. शिसं गार होतं. वर सगळी बोट त्या गारव्यावर उभी होती.

"बाबा," चैताली त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या केसांत जाळी अडकली होती, गालाला वंगण. "आई काय म्हणते मला माहितीये. तिचं मी बघेन. तुम्ही सांगा. घेऊ?"

आतल्या त्या निळ्याचा अजून त्यांच्या डोळ्यांवर अंमल होता. तेवढ्याशा काचेने त्यांना पिळून काढलं होतं. खरा असतो तो केवढा असेल? तिथे ही एकटी असेल. शीड पाण्याला टेकेल. बोट उठेल, हे साडेतीन टन उठवतील तिला, पण तेवढ्या वेळात पोरीने कुणाचा पट्टा धरायचा? आणि बिबवेवाडीत ललिता फोनपाशी बसेल, कोरडे हात पुसत.

"नको," रावसाहेब म्हणाले.

"का?"

एरवी त्यांनी अकरा कारणं दिली असती, आणि बाराव्यात एखादी मगर आली असती. आज दोनच शब्द निघाले. "बरी नाही."

"काय बरं नाहीये तिचं?"

"काही नाही. मला नाही आवडली, एवढंच." त्यांनी नजर जमिनीकडे वळवली. हात मात्र शिशावरून निघाला नव्हता. उलट सगळी बोटं पसरून, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा तो तिथे होता, आणि अंगठा आपला आपणच हळूहळू फिरत होता.

चैतालीने त्या हाताकडे पाहिलं.

"खोटं बोलताय, बाबा," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा."